दिसत नसलेली आमची बाय
आमच्या फोंड्याच्या घरी टाकीत एक गोल्डफिश आहे, बाय म्हणतो तिला, गेल्या पावसात तिचे दोन्ही डोळे पांढरे झाले आणि दिसायचं बंदच झालं. लगेच टोकदार दगड काढले, मऊ वाळू घातली, आणि आता आतली एकही वस्तू हलवत नाही कारण तिला जागा पाठ झाल्यात. माशांच्या अंगाला दोन्ही बाजूंनी पार्श्वरेषा असते, पाण्याची हालचाल तिच्यातून कळते, मेक्सिकोच्या गुहेतल्या आंधळ्या टेट्रा माशांची भिस्त तर तिच्यावरच. खाणं रोज त्याच कोपऱ्यात, बुडणारे दाणे, आधी काचेवर हळूच दोनदा टकटक, की बाय तोंडाची उघडझाप करत वाळू चाचपत येते, दाणा ओठाला लागला की गपकन घेते. टाकीतले बाकीचे मासे तिचं खाणं पळवतात म्हणून त्यांना आधी पलीकडे खायला घालते.