शामिसेन, महिना सातवा : पहिली तार बोलली

परवा रात्री माझ्या शामिसेनची, म्हणजे तीन तारांच्या जपानी वाद्याची, पहिली तार बोलली! सहा महिने ती नुसती ठोकल्यासारखी वाजत होती. आता तिच्यातून झणकार निघतो आणि खोलीभर रेंगाळतो.

इथे शिकणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहितो. दांडीच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या खाली, धातूची एक बारीक पट्टी असते, कामिगोमा. दुसरी आणि तिसरी तार तिच्यावरून जाते. पहिली, सगळ्यांत जाड तार मात्र पट्टीवर टेकत नाही. ती दांडीच्या लाकडाला जेमतेम शिवते. त्या शिवण्यातून येणारी झणझण म्हणजे सावारी. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवत जवारी उघडताना कान जे शोधत असतो, अगदी तेच. फरक एवढाच, की तंबोऱ्यात हे काम खाली घोडीवर आणि चारही तारांवर होतं, इथे वरच्या टोकाला आणि एकाच तारेवर.

माझ्या वाद्यात दांडीच्या मागे सावारीचा स्क्रू आहे, आझुमा-झावारी. मी आठवडाभर तोच फिरवत बसलो होतो. जास्त पिळला की तार मुकी, सैल सोडला की झणकार गायब. चूक तिथे नव्हतीच. रेशमी तार नवी असेपर्यंत ताणत राहते, त्यामुळे माझी तिसरी तार सतत किंचित उतरलेली असायची. सेन्सेईंनी (माझ्या गुरूंनी) स्क्रूला हातही न लावता ती खुंटी जराशी चढवली आणि तिसरी तार छेडली. न छेडता पहिली झणझणू लागली! तेव्हापासून सूर लागल्याची माझी खूण हीच. ट्यूनर आता फक्त सुरुवातीला बघतो.

आपल्या भाषेत तारा लावायच्या पद्धती अशा : होन्चोशी म्हणजे सा-म-सां, निआगारी म्हणजे सा-प-सां, सान्सागारी म्हणजे सा-म आणि वर कोमल नी. नावातच कृती आहे : 'नि-आगारी', दुसरी चढवलेली, 'सान-सागारी', तिसरी उतरवलेली. सुराची पट्टी 'होन'मध्ये मोजतात. चार होन म्हणजे आपली पांढरी एक. मी सध्या तिथेच आहे.

तारांचा पिवळा रंग हळदीचा, हे कळल्यावर मी पाकीट नाकाशी नेऊन पाहिलं. बिवा सरोवराजवळच्या किनोमोतोत अशा रेशमी तारा अजून तयार होतात. उत्तम दांडी कोकी लाकडाची, म्हणजे रक्तचंदनाची. आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांतलं हे झाड, आणि आता त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. माझी दांडी साध्या कारिन लाकडाची आहे, पण दुकानात एकदा कोकीची दांडी हातात घेतली होती. तिचं वजन अजून तळहातात आहे.

बाची, म्हणजे तारा छेडायची मोठी नखी, अजून हातात बसत नाही. तिची मूठ अनामिका आणि करंगळीच्या मधून जाते, आणि वीस मिनिटांत करंगळी बधिर होते. सुकुई (खालून वर उचललेला आघात) दहातून चारदा नीट येतो. हाजिकी, म्हणजे डाव्या बोटाने तार ओढणं, त्यामानाने सोपं गेलं. सतारीवर केलेली मेहनत उपयोगी पडली असावी.

रविवारी ओसाकाहून साकाईला जाऊन आलो. १५६०च्या सुमारास र्युक्यूचं (आजच्या ओकिनावाचं) सान्शिन, शामिसेनचं पूर्वज, याच बंदरात उतरलं. त्याच्यावर अजगराचं कातडं असे; जपानमध्ये त्या जागी मांजराचं, कुत्र्याचं आलं. बिवा नावाचं जुनं तंतुवाद्य वाजवणाऱ्या अंध वादकांनी ते हाती घेतलं आणि आपली बाचीही सोबत आणली, म्हणून हे वाद्य एकाच वेळी तंतुवाद्य आणि तालवाद्य आहे. बाची तारेबरोबर कातड्यावरही आदळते.

परतताना गाडीत कोबायाशी हारू यांचं ध्वनिमुद्रण ऐकलं. निइगाताच्या या गोझे, म्हणजे गावोगाव फिरून गाणाऱ्या अंध गायिका, १९००मध्ये जन्मल्या, २००५मध्ये गेल्या. आवाज खडबडीत, थेट, बर्फातून चालून आलेला. त्यांच्या शामिसेनची पहिली तार कशी झणझणते, ते मी तीनदा मागे नेऊन ऐकलं.

पुढच्या महिन्यात सान्सागारी. कोमल नी लावल्यावर पहिल्या तारेला तिसरीची साद कमी मिळते, म्हणून सावारी कुठे खुलते ते शोधायचं आहे. कुणी हे केलं असेल तर लिहा, मी वाट बघतो.