आमची वाटचाल : प्रेसच्या सिलिंडरपासून बोटीच्या सुकाणूपर्यंत

रबाळे एमआयडीसीतील आमचा गाळा सुरू झाला तो कारखान्यांतील यंत्रांच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, भागांच्या दुरुस्तीसाठी. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने पसरलेल्या या औद्योगिक पट्ट्यात प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट आणि मोल्डिंगची यंत्रे इतकी आहेत की सिलिंडरचे सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलणे, रॉडवर हार्ड क्रोमचा मुलामा चढवून आणणे आणि होजला, म्हणजे तेलाच्या नळीला, नवे फिटिंग दाबून बसवून देणे एवढ्या कामावर एखादे छोटे वर्कशॉप सहज चालते. आमचेही चालत होते. बोटींकडे आम्ही वळलो ते खाडीच्या शेजारामुळे. एका बाजूला ऐरोली आणि दिव्याचे कोळीवाडे, दुसऱ्या बाजूला बेलापूरची जेटी आणि दिवाळे गाव, असा परिसर असताना एखादा नाखवा तेल गळणारा सिलिंडर गोणपाटात गुंडाळून दारात येणे हे आज ना उद्या घडणारच होते.

तो सिलिंडर आउटबोर्ड मोटरच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाच्या, स्टिअरिंगचा होता. आमच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये बॉडी पक्की असते आणि रॉड आत-बाहेर होतो. मोटरच्या पुढच्या बाजूस बसणाऱ्या या प्रकारात मात्र रॉड दोन्ही टोकांना आधाराच्या आर्मवर पक्का बसवलेला असतो आणि सिलिंडरची बॉडीच त्यावरून डावी-उजवीकडे सरकून मोटर वळवते. सील आम्ही बदलून दिले आणि गळती थांबली. परंतु तो भाग कोणत्या परिस्थितीत राबतो हे बोटीवर जाऊन पाहिल्याशिवाय असे काम पुन्हा घ्यायचे नाही, असे माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे त्याच आठवड्यात ठरले. नाखव्यांनीच आम्हाला जेटीवर नेले, आणि आमच्या धंद्याची दिशा तिथून बदलत गेली.

ही यंत्रणा मुळात साधी आहे. बोट वळवायच्या चाकामागे हेल्म पंप असतो. चाक फिरवले की त्यातील छोटे पिस्टन एका होजमधून सिलिंडरच्या एका बाजूस तेल ढकलतात आणि दुसऱ्या बाजूचे तेल दुसऱ्या होजमधून पंपाकडे परत येते. पंपाच्या आतच चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल उलट येऊ न देणाऱ्या झडपा, असतात. पंखा फिरताना मोटरला एका बाजूला जो ओढा बसतो तो केबलच्या स्टिअरिंगमध्ये थेट चालवणाऱ्याच्या मनगटावर येतो आणि चाक क्षणभर सोडले तरी बोट वळू लागते. हायड्रॉलिकमध्ये हे व्हॉल्व्ह तेल अडवून धरतात, त्यामुळे मोटर जिथे ठेवली तिथेच राहते. अश्वशक्ती वाढली की बोटीचे मालक हायड्रॉलिककडे वळतात ते याच कारणाने. २०१५ साली ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले, २०२२ साली बेलापूरहून मुंबईकडे वॉटर टॅक्सी सुरू झाली आणि त्याच वर्षी खाडीला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. या काळात खाडीतील बोटींबद्दलची विचारणा आमच्याकडे हळूहळू वाढत गेली आणि कारखान्यांचे काम निम्म्यावर आणण्याचे धाडस आम्ही करू शकलो.

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक निदान स्वतःच करून येतात, आणि ते निदान एकच असते : पंप गेला. प्रत्यक्षात पंप बिघडलेला असतो असे प्रसंग थोडे. बहुसंख्य तक्रारींच्या मुळाशी आत शिरलेली हवा, चुकीचे तेल किंवा मोटरचा आखडलेला सांधा यांपैकी काहीतरी असते. हे आम्ही ग्राहकाला तोंडी पटवत बसत नाही, त्याच्यासमोर तपासून दाखवतो. बेलापूरच्या जेटीवर लागलेल्या एका फायबर बोटीचे उदाहरण सांगतो. स्टिअरिंग इतके जड झाले होते की दोन्ही हातांनी चाक ओढावे लागत होते. दुसऱ्या एका ठिकाणी पंप बदलून झाला होता, पैसेही गेले होते आणि चाक तसेच जड होते. मालक म्हणाले, “दादा, आता सिलिंडर पण बदलून टाका, एकदाची कटकट मिटू दे.” आम्ही आधी सिलिंडर आणि मोटर यांना जोडणारा बोल्ट काढला. सिलिंडर मोकळा होताच चाक दोन बोटांनी फिरू लागले. मग मोटर हाताने वळवायला सांगितली, तर ती दोघांनाही हलेना. ज्या उभ्या नळीत मोटर वळते तिथले ग्रीस खारट पाण्याने आणि वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाने वाळून कडक झाले होते आणि ग्रीस भरायचे तोंड, म्हणजे ग्रीस निपलही, बुजले होते. निपल बदलले, सांधा मोकळा केला, जुने ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत नवे मरिन ग्रीस भरले. सिलिंडरला हात लावण्याची गरज पडली नाही. जड स्टिअरिंगची तक्रार आली की तो बोल्ट काढून पाहणे हे तेव्हापासून आमच्या गाळ्यातले पहिले काम आहे.

चाक ढिले लागते, फेरे वाढले आहेत किंवा टोकाला पोहोचल्यावरही चाक फिरतच राहते, अशी तक्रार असेल तर आम्ही प्रथम हवेचा संशय घेतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण पाच-सहा फेरे लागतात. ते वाढले असतील तर चाक टोकाला नेऊन दाबून धरायचे आणि हेल्म पंपाच्या तेल भरायच्या तोंडातून तेलाची पातळी पाहायची. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते, त्यामुळे पातळी खाली उतरली तर आत हवा आहे हे निश्चित. हवा काढण्यासाठी तेलाची बाटली नळीने हेल्मच्या तोंडाला जोडून उलटी टांगतात, म्हणजे काम चालू असताना पंप कोरडा पडत नाही. सिलिंडर एका टोकाला नेऊन त्या बाजूचे हवा सोडायचे ब्लीडर निपल उघडायचे, सिलिंडर हाताने घट्ट धरून ठेवायचा आणि चाक उलट दिशेला फिरवत राहायचे. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीत सुरुवातीला फेसाळ तेल येते, मग सुटे बुडबुडे येतात आणि शेवटी बुडबुड्यांशिवाय सलग धार लागते. चाक फिरत असतानाच निपल बंद करायचे आणि हेच दुसऱ्या बाजूला करायचे. हे काम दोन माणसांचे आहे आणि त्यात घाई चालत नाही. बाहेर आलेले फेसाळ तेल बाटलीत परत ओतणारे लोक मी पाहिले आहेत. ते तेल आम्ही कधीही वापरत नाही, कारण त्यातली हवा आणि कचरा पुन्हा आतच जातो.

हवा निघूनही चाक सरकत राहिले तर दोष पंपात आहे की सिलिंडरमध्ये, हे ठरवण्यासाठी पंपाची होज जोडायची दोन्ही तोंडे प्लग लावून बंद करतो. चाक घट्ट अडकले तर पंप ठीक आहे, फिरत राहिले तर पंप खोलावा लागतो. अशा खोललेल्या पंपात अनेकदा चेक व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकलेला कचऱ्याचा एखादा कण तेवढा निघतो.

तेलाच्या बाबतीत मी थोडा आग्रही आहे आणि ग्राहकांना ते कधी कधी जाचक वाटते. या यंत्रणेला पातळ तेल लागते, साधारण १५ ग्रेडचे. आमच्या एमआयडीसीत ३२, ४६ आणि ६८ ग्रेडचे, म्हणजे याहून दाट, हायड्रॉलिक तेल कोणत्याही दुकानात मिळते, आणि “तेल ते तेलच” म्हणून ते भरले जाते. त्याने स्टिअरिंग जड होते आणि हवा नीट बाहेर पडत नाही. ब्रेक ऑइल तर याहून घातक आहे. या यंत्रणेतील सील सामान्यतः नायट्राइल रबराचे असतात आणि ग्लायकोलवर आधारित ब्रेक ऑइलने ते फुगून मऊ पडतात. असे तेल गेलेली यंत्रणा आली तर आम्ही संपूर्ण फ्लश करतो आणि सगळे सील बदलतो, नुसते तेल बदलून देत नाही. हेल्म काठोकाठ भरणेही योग्य नाही, कारण एप्रिल-मेच्या उन्हात तेल प्रसरण पावते आणि टोपणातून डॅशबोर्डवर झिरपते. तोंडाखाली अर्धा इंच जागा पुरेशी असते.

ठाणे खाडीचा गाळ अतिशय बारीक आहे. तो रॉडवर उडून वाळला की त्याचा पॉलिश पेपर होतो आणि सिलिंडर सरकेल तसतशी सीलची कड झिजत जाते. म्हणून दररोज परतल्यावर रॉड गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावा, एवढे आम्ही प्रत्येकाला सांगतो. ॲसिड किंवा अमोनिया असलेले क्लीनर त्यासाठी वापरू नयेत. रॉडवर नखाला लागेल असा खड्डा दिसला तर नवे सील टाकून उपयोग नसतो, ते काही आठवड्यांतच फाटते, आणि अशा वेळी रॉड बदलण्याचा खर्च आम्ही आधीच स्पष्ट सांगतो.

धंद्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण निर्णय तपासणीची फी वेगळी घेण्याचा होता. सुट्या भागांच्या विक्रीवर कमाई अवलंबून असली की निदान त्या दिशेने झुकते, हे कारखान्यांच्या कामात मी जवळून पाहिले होते. फी ऐकून परत गेलेले लोक आहेत, मात्र राहिलेल्यांतले बरेच पुढे आपल्या ओळखीच्यांना घेऊन आले. त्या पैशातून आम्ही प्रेशर गेज बसवलेले टेस्ट बेंच उभे केले. दुरुस्त केलेला प्रत्येक पंप आणि सिलिंडर त्यावर दाबाखाली ठेवल्याशिवाय गाळ्याबाहेर जात नाही. घणसोलीचा आयटीआय झालेला एक मुलगा आता ते बेंच स्वतंत्रपणे सांभाळतो. सेल्फ-लॉकिंग नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही, हा नियम मी त्याला शिकवला आणि आता तो तितक्याच कठोरपणे मला लावतो.

पावसाळ्यात प्रवासी आणि सहलीच्या बोटी बंद असतात, त्या वेळी आमचे काम सर्वाधिक असते. तेल पांढुरके दिसत असेल तर आत पाणी गेले आहे असे समजून ते पूर्ण बदलतो, होज कुठे घासतात ते पाहतो आणि मोटर पूर्ण उचलून, दोन्ही टोकांना वळवून होजला ताण बसत नाही ना याची खात्री करतो. बोटी ऑगस्टच्या शेवटी एकदम आल्या की हे सर्व तपासायला वेळ उरत नाही. त्यामुळे आमच्या जुन्या ग्राहकांना आम्ही मे महिन्यातच फोन करतो आणि बोट किनाऱ्यावर चढली की जूनमध्येच तपासणीची तारीख ठरवून घेतो.