खांदे बघ

गेल्या रविवारी पोर्टफोलिओचं सिलेक्शन केलं, अजून डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहितोय.

एका स्टुडिओला पोर्ट्रेट काढणारा माणूस हवाय, 15 फोटो मागितलेत. माझ्याकडे दोन वर्षांच्या वारीच्याच 1,600 फ्रेम, शिवाय लग्नं, ऑफिसातले हेडशॉट, म्हणजे कामासाठी लागणारे चेहऱ्याचे फोटो. स्क्रीनवर बघून बघून सगळेच फोटो बरे वाटायला लागतात, म्हणून 40 निवडले, 4 बाय 6 चे प्रिंट काढले आणि काकांकडे गेलो. बारावीनंतर यांच्याच स्टुडिओत मी शिकलो. त्यांचा जन्म 120 च्या फिल्म रोलवर गेला, एका रोलमध्ये 12च फोटो, त्यामुळे त्यांची निवड बटण दाबायच्या आधीच व्हायची.

सतरंजीवर सगळे मांडले. आधी चार फोटो उचलून बाजूला, 85 मिमीच्या लेन्सनं f/1.8 वर काढलेले, म्हणजे लेन्स इतकी उघडी की फोकस जेमतेम पुरतो, नाक शार्प आणि डोळा सॉफ्ट, धूसर, मोबाइलवर मला दिसलंच नव्हतं. मग उरलेल्यांचे त्यांनी न बोलता दोन गठ्ठे केले, एक 27 चा, एक 9 चा.

"काय केलं सांग."

मला काही सांगता येईना.

"हे सगळे सुरकुत्यांचे."

खरंच की! दिवे घाटातलं तिरकं ऊन, फेटा, पांढरी दाढी, कपाळाला बुक्का. "अरे, उद्या तुझ्यासमोर पंचवीस वर्षांची पोरगी बसेल, गुळगुळीत चेहरा, डोक्यावर ट्यूबलाइट, कॅमेऱ्याला घाबरलेली. तिचा फोटो तुला जमतो हे यात कुठं दिसतंय?"

वाईट वाटलं, खूपच. ते 27 म्हणजे माझा जीव होता.

काकांनी छोट्या गठ्ठ्यातनं एक काढून सगळ्यात वर ठेवला. एका ऑफिसातल्या अकाउंटंट ताई, मी तो नुसती भरती म्हणून घेतला होता. त्या दिवशी त्या ओठ घट्ट मिटूनच बसल्या होत्या, दात दाखवायचे नव्हते. मी ट्यूब बंद केल्या, खुर्ची खिडकीकडे वळवली, दुसऱ्या बाजूला उजेड परत फेकायला थर्माकोलची शीट धरली आणि मार्चएंडला किती वाजता घरी जाता एवढंच विचारलं, तर त्या दहा मिनिटं बोलतच राहिल्या आणि त्यात मिळालेली ही फ्रेम. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा उजेड आहे. पण काकांनी डोळे दाखवलेच नाहीत. "खांदे बघ, खाली आलेत. माणूस सैल झाल्याशिवाय खांदे उतरत नाहीत."

मग सगळे प्रिंट परत खांद्यांवरनं बघितले. वारीतले 27 मधले फक्त पाच टिकले, त्यातल्या तुळस घेतलेल्या आजी तर मला आधी साध्या वाटल्या होत्या! आणि माझे सगळ्यात लाडके फेटेवाले बाबा निवडीतनं बाद झाले, कारण मीच त्यांना चालताना थांबवून उभं केलं होतं, खांदे कानापर्यंत चढलेले, माझं लक्षच नव्हतं.

शेवटी 14 च पाठवले, पंधरावा नव्हताच. ताईंना फोन करून आधी परवानगी घेतली, हेडशॉट त्यांच्या कामासाठी काढलेला होता ना.

बाबांचा मोठा प्रिंट मात्र करून ठेवलाय. त्यांच्या दिंडीचा नंबर डायरीत आहे, पुढच्या वारीला सासवडला गाठून हातात द्यायचाय.