सासवडचा मुक्काम आणि पुरंदर

ज्येष्ठ वद्य एकादशीला माउलींची पालखी पुण्याहून निघते, हडपसर आणि वडकी नाला मागे टाकून दिवे घाट चढते आणि रात्री सासवडच्या तळावर विसावते. उपवासाच्याच दिवशी सोहळ्यातली सर्वांत लांब मजल यावी, हे नव्या वारकऱ्याला जाचक वाटते खरे. पण घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या की टाळांचा ठेका असा काही चढतो की पायांना तक्रार करायला सवडच मिळत नाही. माथ्यावर ढग जरा हटले आणि दक्षिणेला पुरंदर व त्याला खेटून उभा असलेला वज्रगड दिसला. दुसऱ्या दिवशी पालखी सासवडलाच असते. हा दिवस बहुतेकांचा कपडे धुण्यात आणि पायांना तेल चोळण्यात जातो. मी तो गावासाठी आणि गडासाठी राखून ठेवला होता.

द्वादशीचे पारणे आटोपून सोपानकाकांच्या समाधी मंदिरात गेलो. शके १२१८ च्या मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला त्यांनी येथे समाधी घेतली. थोरल्या भावाची पालखी मुक्कामाला आली असताना धाकट्याची पालखी याच गावातून पंढरीकडे प्रस्थान ठेवते, हा योग डोळ्यांनी पाहावा असाच आहे. गर्दीतून वाट काढत पुढे पुरंदरे वाड्यापर्यंत गेलो. भक्कम दरवाजा आणि बुरूज पाहिले की हे राहते घर कमी आणि गढी जास्त वाटते. याच पुरंदरे घराण्याच्या पाठिंब्याने श्रीवर्धनहून आलेल्या बाळाजी विश्वनाथांचा देशावर जम बसला आणि १७२० मध्ये सासवडलाच त्यांचे निधन झाले. पेशव्यांचे बिऱ्हाड आधी येथेच होते. थोरल्या बाजीरावांनी १७२८ च्या सुमारास ते पुण्याला हलवले.

दुपारी मिळाली त्या जीपने नारायणपूरला उतरलो, यादवकालीन नारायणेश्वराला हात जोडले आणि गडाची वाट धरली. गड लष्कराच्या ताब्यात असल्याने पहाऱ्यावर ओळखपत्र दाखवून माचीवर जाता येते. गडाचे किल्लेदार मुरारबाजी देशपांड्यांचा पुतळा याच माचीवर आहे. तेथे उभे राहून पूर्वेला पाहिले तेव्हा १६६५ चा मोगलांचा वेढा मला प्रथमच नीट उमगला. वज्रगड उंचीने पुरंदरच्या बालेकिल्ल्याहून कमी आहे, पण मधल्या खिंडीपलीकडे तो इतका जवळ आहे की तो शत्रूच्या हाती पडला की माची तोफांच्या तोंडीच येते. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी नेमके तेच केले. एप्रिलच्या मध्यास वज्रगड पडला, पुढे मुरारबाजी निवडक माणसांनिशी दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि लढता लढता कामी आले. तरीही गडाने जूनपर्यंत दम धरला.

शिवाजी महाराज जयसिंगाच्या गोटात तहाची बोलणी करायला गेले, तेव्हा गडावर चाललेला हल्ला तंबूतूनच दिसेल, अशी तजवीज जयसिंगाने केली होती. २३ किल्ले देऊन महाराजांनी १२ राखले. या तहाकडे केवळ नामुष्की म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे, आणि ती मला पटत नाही. गडावरून सुमारे ७,००० माणसे, त्यांत बायकाही, सुखरूप खाली उतरली, ही तहाची बाजू आपण क्वचितच सांगतो. (व्याख्याने मुरारबाजींपाशीच संपतात, हेही त्याचे एक कारण असावे.) पुढे १६७० मध्ये गड पुन्हा स्वराज्यात आला.

इंग्रजांच्या काळातल्या पडक्या बराकी आणि चर्च माचीवर आहेत, त्यांत माझे मन फारसे रमले नाही. त्यापेक्षा १७७३ सालची गोष्ट मनात घोळत राहिली. शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाल्यावर कारभाऱ्यांनी त्यांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुण्यातून काढून पुरंदरवर आणून ठेवले, आणि १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म येथे झाला. सासवडहून पुण्याला गेलेली पेशवाई ऐन संकटात पुन्हा याच मुलखाच्या आश्रयाला आली, आणि १७७६ चा इंग्रजांशी झालेला तहही पुरंदरच्याच नावाने ओळखला जातो. तळावर परतलो तेव्हा दिंडीतल्या सोबत्याने विचारले, “माउली, पायांना विसावा दिला नाहीत, उद्या जेजुरी कशी गाठणार?” मी तेलाची बाटली मागून घेतली.