मालवणच्या बाजारात खरेदी

कुडाळला उतरून एसटीने मालवण साधारण ३० किलोमीटर. किनाऱ्यावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव नक्की बघा, पण तिथे माल टोपल्यांनी जातो. घरापुरती हवी तर बाजारातल्या मावशींकडून वाट्यावर, म्हणजे मांडलेल्या छोट्या ढिगाने घ्या. कल्ला उचलून बघा, लालबुंद हवा. बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर ती सुरमई सोडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, त्यामुळे तेव्हा सुकी मासळीच बरी. तीही कडक वाळलेली घ्या, दमट राहिली तर प्रवासातच बुरशी धरते.

कोकम आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, मीठ भरपूर असतं. सोलकढीत आधी आगळ घाला, चव बघा, मगच मीठ. आलं घातलेला गुळाचा खाजा मात्र न विसरता घ्याच!