तिसऱ्यांदा जळालेली मोटर

एकाच पंपाची मोटर तिसऱ्यांदा जळाली. 'ओव्हरलोड झाली असेल, रिवाइंड करून टाका,' म्हणजे आतली तांब्याची कॉइल नव्याने गुंडाळा, हेच पुन्हा ऐकलं. आज मात्र आधी उघडून बघायचा हट्टच धरला. दोन फेजची कॉइल कोळशासारखी काळी, तिसरीचं वार्निश अजून चकाकतंय! स्टार जोडणीत (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) हे सिंगल फेजिंगचं, म्हणजे तीनपैकी एका फेजचा पुरवठा तुटल्याचं लक्षण; ओव्हरलोडने तिन्ही सारख्याच करपल्या असत्या. मग पॅनेल उघडलं. मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, म्हणजे कॉन्टॅक्टरचा, एक कॉन्टॅक्ट खड्डे पडून पार झिजलेला, आणि जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले मोटरच्या रेटेड (ठरवून दिलेल्या) करंटच्या कितीतरी वर लावलेला. एक फेज गेली की तेवढ्याच लोडवर उरलेल्या दोन्हींत करंट साधारण १.७३ पट होतो, तरी रिले ढिम्म. दोनदा नवं तांबं भरलं आणि कॉन्टॅक्टर तोच ठेवला, याचं फार वाईट वाटलं.