अकरा पिवळ्या गोळ्या

आईच्या औषधांच्या डब्याच्या तळाशी ११ सुट्या गोळ्या मिळाल्या. लहान, गोल, पिवळ्या, मधोमध एक रेघ. पाकीट नाही, नाव नाही.

आईला आमवात आहे. तिच्या औषधांत दोन गोळ्या पिवळ्या आहेत. एक मेथोट्रेक्सेट, जी आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी घ्यायची. दुसरी फॉलिक ॲसिड, मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून इतर दिवशी. आई म्हणाली, "अगं, ती साधी ताकदीची गोळी असेल, राहू दे डब्यात." मला खात्री हवी होती. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी फोटो काढला आणि ऑनलाइन अनोळखी लोकांसमोर टाकला: ही कोणती गोळी?

दहा मिनिटांत उत्तरं आली. एकाने थायरॉईडची सांगितली, दुसऱ्याने रक्तदाबाची. तिसऱ्याने ठामपणे लिहिलं, "फॉलिक ॲसिड आहे, माझी आई हीच घेते, बिनधास्त द्या." त्याच्याखाली चार-पाच जणांनी होकार भरला. त्यांच्यापैकी कुणी गोळी हातात घेतलेली नव्हती. आईला काय आजार आहे, हेही कुणी विचारलं नाही. एकाने मात्र खासगी संदेश पाठवून घरात आणखी कोणकोणती औषधं आहेत ते विचारलं, तेव्हा मी तो फोटो तिथून हटवला. पण "फॉलिक ॲसिड" हे उत्तर डोक्यात बसलंच होतं, कारण मला तेच हवं होतं.

सकाळी गोळ्या घेऊन नेहमीच्या फार्मासिस्टकडे गेले. त्यांनी एक गोळी कागदावर ठेवून उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, ही कोणती ते मी सांगू शकत नाही. आणि बघून कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका." रंग आणि आकार कंपनीगणिक बदलतात, एकाच औषधाचेही. फोटोत तर पिवळ्या दिव्याखाली पांढरी गोळीही पिवळट दिसते. अमेरिकेत जवळपास प्रत्येक गोळीवर अक्षरं-आकड्यांचा छाप बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे छापावरून नाव शोधता येतं. आमच्या गोळीवर नुसती रेघ. छाप असला तरी तो खोटा असू शकतो. 'एम ३०' छापाच्या, हुबेहूब ऑक्सिकोडोन या वेदनाशामकासारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांत फेंटानिल हे त्याहून कितीतरी तीव्र, जीवघेणं ठरू शकणारं औषध सापडलेलं आहे. गोळीत नेमकं काय आहे, ते प्रयोगशाळेतली तपासणीच सांगते.

मग त्यांनी विचारलं, "समजा, ही मेथोट्रेक्सेट असली आणि फॉलिक ॲसिड समजून तुम्ही रोज दिली, तर?" मी गप्प. त्यांनी शांतपणे सांगितलं: हे औषध रोज पोटात गेलं तर अस्थिमज्जेतली रक्तपेशींची निर्मिती दबते. तोंडात फोड येतात, ताप येतो, संसर्ग आवरत नाही, आणि रोजच्या चुकीने माणसं दगावलेली आहेत. ते ऐकताना माझे हात गार पडले. आदल्या रात्रीचं "बिनधास्त द्या" मला अजून आठवतं. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावं. पण चुकलं असतं तर तो कुठे सापडणार होता?

त्यांनी दुकानातली आईची जुनी बिलं काढली. दोन्ही औषधं तिथूनच गेली होती, आणि त्या काळात दोन्हीही पिवळीच होती. म्हणजे त्या ११ गोळ्या एकाच जातीच्या आहेत की सरमिसळ, हेही कळायला मार्ग नव्हता. आईने डब्यातल्या सुट्या गोळ्या अधूनमधून घेतल्या होत्या का, तर तिला नीट आठवेना. मला सगळ्यात जास्त भीती त्याच उत्तराची वाटली.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला. तोंडात फोड, ताप, कुठे रक्त येणं, असं काही आहे का, हे त्यांनी आधी विचारलं, मग रक्ततपासणी लिहून दिली: पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, यकृत, मूत्रपिंड. अहवाल येईपर्यंत मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितलं. दोन दिवस मी आईला सारखी "तोंड दुखतंय का गं?" विचारत होते. ती वैतागली.

अहवालात सगळं ठीक निघालं. नवी पाकिटं आणली. मेथोट्रेक्सेट आता वेगळ्या कपाटात असतं, पाकिटातच, वर मोठ्या अक्षरात वार लिहून. गोळी काढायची तर नाव आणि मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत कापायचं नाही, हे आईने स्वतःच ठरवलं. त्या ११ गोळ्या मी पाकिटात बंद करून, वर "अनोळखी, घेऊ नये" असं लिहून फार्मासिस्टकडे नष्ट करायला दिल्या. त्या कोणत्या होत्या, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.